तीन नंबरचा माग

हुद्दार सरांनी प्रोजेक्ट दिलं:
खिशातला फोन घ्या, आपापला भाग मोजून आणा.

कुणी स्कूटरच्या हँडलला फोन बांधून
खानापूर रोडचे खड्डे काढले, नकाशावर तांबडे ठिपके,
शेवटी ठिपक्यांतून रस्ताच दिसेना.
भरतेशनं शिनोळीच्या नाक्यावर उभं राहून
टॉवर नेमका कुठं बदलतो ते शोधलं.
पानपट्टीच्या अलीकडं एक राज्य, पलीकडं दुसरं.
पानवाला म्हणाला, माझा फोन दिवसभर येऊन-जाऊन असतोय,
मी मात्र इथंच.
निपाणीच्या रेहानानं रात्रभर उशाशी फोन ठेवून
आईचा खोकला मोजला. दोनशे अकरा.
आई विड्या वळते.
सरांनी वहीत बरोबरची खूण केली
आणि पेन बराच वेळ तिथंच राहिलं.

मी लांब कुठं गेले नाही.
वडगावात आमच्या पुढच्या खोलीत चार माग,
मागच्या खोलीत आम्ही.

आवाज: अठ्ठ्याण्णव. मधूनच एकशे एक.
काटा तांबड्यात जाऊन बसला तो उठेचना,
जेवून झालं तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखा.
आप्पानं धोटा बदलला, नुसत्या ओठांनी विचारलं,
"काय मोजूलालीस गे?"
मीही ओठांनीच: आवाज.
त्यानं खोलीभर बघितलं.
कुठला आवाज, असं तोंड करून.

इरव्वा कांड्या भरते. ती कन्नडात ओरडते,
आप्पा मराठीत.
दोघांनाही एकमेकांचं ऐकू येत नाही,
पण दोरा कुठं तुटला ते बरोबर पोचतं.
मी दोघांचं ओरडणं वेगवेगळं मोजलं.
तिचं एकशे दोन, त्याचं एकशे दोन.
भाषेचा रकाना ॲपमध्ये नव्हताच.

मग रबर लावून फोन एकेका मागाला बांधला.
पहिला, दुसरा, चौथा: पडद्यावर सारख्या लाटा.
तिसऱ्याच्या लाटेला एक जादा दात,
दर फेरीला, तिथंच.
मला केवढा आनंद झाला!
कागदावर लिहिलं, तीन नंबर बिघडतोय,
आणि आप्पाच्या डोळ्यासमोर धरलं.
त्यानं कागद वाचला, खिशात घातला,
मागाच्या चौकटीवर दोन बोटं टेकवली
आणि माझ्या तळहातावर बोटानं लिहिलं:
बेरिंग. मंगळवारपासून.
मग आणखी एक शब्द: शनिवार.
म्हणजे पगार झाल्यावर.

तीनला करंट गेला.
आवाज एकचाळीसवर उतरला
आणि मला शेजारच्या जांबोटीकरांचा कुकर ऐकू आला,
पत्र्यावरचं कबूतर, इरव्वाची काकणं,
माझा स्वतःचा श्वास, जरा जास्तच.
"करंट गेला काय गे?" आप्पानं विचारलं.
फोननं दाखवलं: चौऱ्याऐंशी.
रिकाम्या खोलीत, हातभर अंतरावरच्या मुलीशी.
इरव्वानं खाली बघितलं, कांडीवरचा दोरा सारखा केला.

"बघू तुझं यंत्र," म्हणाला
आणि तळहात पुढं केला.
कंप मोजायचं चालूच होतं, बंद करायचं राहिलं होतं.
माझ्या हातावर रेघ बारीक, इकडं तिकडं.
त्याच्या हातावर लाट उठली,
आणि लाटेला दात.
चारही माग गप्प उभे होते.

तो बघत राहिला.
"हे कितव्याचं?" विचारलं,
या खेपेला हळू, किंवा मला तसं वाटलं.
मी मोजलं नाही.

तक्त्यात चार रकाने आखले होते.
पाचवा आखला आणि त्याला नंबर दिला नाही.

करंट आला तेव्हा इरव्वा कन्नडात काहीतरी बोलली,
दोनच शब्द असतील.
आप्पानं मान हलवली.
एक, दोन आणि चार सुरू केले.
तीन नंबरच्या बटणावरून हात मागं घेतला,
धोतराला पुसला,
आणि खिशातला माझा कागद काढून
पुन्हा एकदा वाचला.